मालकीण ऐकत नाही

३ जून
दुपारी दारात प्रणाली. हेंद्रेपाड्याच्या माझ्या फ्लॅटमध्ये दोन वर्षं भाड्याने राहिलेल्या तिघींपैकी एक. फार्मसी संपली, गेल्या महिन्यात जागा सोडली. बदलापूरहून इथे शिवमंदिरापर्यंत उन्हात आलेली. पाण्याचा तांब्या एका दमात संपवला.
"काकू, ओटा फोडला म्हणून निम्मं डिपॉझिट कापलं. एजंट बोलतात, मालकीण ऐकत नाही."
मालकीण म्हणजे मी. काय ऐकलं नाही, ते मलाच ठाऊक नाही. मी तर सगळी रक्कम एजंटच्या हातात परत दिली होती. एजंट म्हणजे ताईचा सचिन.
मोबाइलवर फोटो दाखवला. सिंकजवळ कडप्प्याला भेग. "देवाशपथ, आम्ही आलो तेव्हाच होती."
"बघते," एवढंच म्हटलं. चहासुद्धा विचारला नाही.

४ जून
गॅसचा नंबर लावला. बाकी कशात लक्ष नाही.
भेग माझी आहे. निदान इथे तरी लिहून टाकते. हे होते, आम्ही त्याच फ्लॅटमध्ये राहायचो तेव्हाची गोष्ट. ऑफिसातल्या चौघांना न सांगता जेवायला घेऊन आले आणि घरात मोजून चार वांगी. रागाच्या भरात वरवंटा आपटला, कडप्पा गेला. ह्यांनी विचारणाऱ्या प्रत्येकाला "गवंडी कच्चा निघाला" म्हणून सांगितलं. मी तोंड मिटून बसले. काल पोरीसमोरही तेच. वय वाढलं, अक्कल तिथेच.

६ जून
सचिनला बोलावून घेतलं. पोहे खाता खाता ऐकत होता.
"मावशी, तू कशाला टेन्शन घेते? लाइनमध्ये सगळे असंच करतात. मालकीण खडूस आहे बोललं की पोरं जास्त भांडत नाहीत."
म्हणजे दोन वर्षं मी हेंद्रेपाड्यात खडूस म्हणून प्रसिद्ध, आणि मलाच पत्ता नाही.
ओटा मी फोडला हे सांगितलं तर हसायलाच लागला. पैसे कुठेत विचारल्यावर हसू गेलं. त्याच्या ऑफिसचं भाडं थकलं होतं, त्यात घातले. वाळलाय पण. राग येतो आणि जीवही तुटतो. तिचे पैसे परत दे, नाहीतर फ्लॅटची किल्ली ठेवून जा, म्हटलं. किल्ली ठेवली नाही. पोहे अर्धे टाकून गेला.

७ जून
ताईचा फोन. "परक्या पोरीसाठी माझ्या लेकाचं नाव घालवतेस?"
त्याने माझं घालवलं त्याचं काय, म्हटलं. फोन ठेवला तिने. आता गणपतीपर्यंत बोलणार नाही.

११ जून
सचिनने पैसे दिले. प्रणालीला फोन केला, वाटलं खूश असेल.
"मिळाले काकू, थँक्यू. पण आता काय फायदा?"
उल्हासनगरला मेडिकलमध्ये नोकरी लागलीय, सोमवारी हजर व्हायचंय. मैत्रिणीबरोबर बेलवलीत खोली बघून ठेवलेली. वडील नाही म्हणतात. डिपॉझिट कापायच्या आधी सचिनने त्यांनाच फोन लावला होता. पोरींनी घराची वाट लावली, कोण कोण यायचं-जायचं, मालकीणबाईंची तक्रार आहे.
माझी तक्रार.
"बाबा बोलले, एकदा बाहेर ठेवून बघितलं, बस झालं. घरी ये."
त्यांचा नंबर घेतला. आज लावला नाही. काय बोलायचं तेच…

१३ जून, शुक्रवार
लावला. मुरबाडच्या बाजूचं गाव, आवाज तुटत होता. सगळं सांगितलं, वरवंट्यासकट. एजंट माझा सख्खा भाचा, हेही. पोरीने भाडं एकदा चुकवलं नाही, शेजाऱ्यांची एक तक्रार नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले,
"ताई, एक डाव तुमच्या नावानं फोन आला, तो खोटा. मंग ह्यो खरा कशावरनं?"
बरोबरच आहे. मी तरी कशाला विश्वास ठेवला असता? उद्या येते, समोर बसून सांगते, म्हटलं. ते म्हणाले, "यष्टी अकराला येते."
सचिनला मेसेज टाकलाय. सकाळी आठला स्टँडवर ये, माझ्याबरोबर चल. वाचलाय त्याने.