अठ्ठ्याऐंशीव्या पानावरचे गलबत

मी, पुष्पलता मनोहरराव भोंगाडे, वय ७३, कोराडीच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेली टंकलेखिका, राहणार प्रताप नगर, नागपूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांचे विचारत नाही.

१. दोन खोल्यांचा राहता फ्लॅट व बँकेतली ठेव माझी मुलगी चिन्मयी हिला. माझ्या पश्चात स्वयंपाकघराला जांभळा रंग देऊ नये. जिवंतपणी तीनदा नाही म्हटले आहे.

२. माझे यजमान कै. मनोहरराव यांची स्कूटर, शिलाई मशीन आणि लोखंडी कूलर मागेच भंगारात दिले आहेत. त्यांवर कोणी हक्क सांगू नये.

३. संगणकही चिन्मयीला, पण त्यातले जुन्या पानांचे फोटो तिने पुसू नयेत. निवृत्तीनंतर मी आरमाराच्या इतिहासाची जुनी पुस्तके इंटरनेटवरच्या एका मोफत वाचनालयासाठी टाइप करत आले. समुद्र मी एकदाच पाहिला, तोही ओहोटीच्या वेळी. तरी डोलकाठी, सुकाणू, शीड काहीही विचारा, झोपेतून उठून सांगेन.

४. या कामाचा नियम असा की जसे छापले तसे टाइप करायचे, पदरचे काही घालायचे नाही. मग ते पान दुसऱ्या कोणीतरी ताडून मंजूर करायचे. आपले आपल्याला करता येत नाही. माझी पाने तपासतो माझा धाकटा भाऊ गिरिधर, खाप्याचा निवृत्त गणिताचा मास्तर. शेवटच्या पुस्तकाची चारशे बारा पाने. चारशे अकरा मंजूर. पान ८८ सहा वर्षे अडले आहे, कारण पान ६१ वर बुडालेले गलबत पान ८८ वर तोफा डागते.

"बुडालेलं गलबत लढून कसं राहिलं वं ताई? काट ते!"

मी म्हटले, लेखकाने लिहिले, छापणाऱ्याने छापले, आपण कोण काटणारे? तेव्हापासून हा राखीला येतो, चार पुरणपोळ्या हाणतो आणि पान ८८ चे नाव काढत नाही. मेला हट्टी! त्या एका पानापायी अख्खे पुस्तक यादीत 'अपूर्ण' दिसते. ते पूर्ण झालेले बघून डोळे मिटावेत, एवढीच माझी इच्छा आहे. ती मृत्युपत्रात लिहून पुरी होत नाही, हे मला कळते.

५. लोखंडी कूलर गिरिधरचा मुलगा सुशील याला. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत तो त्याच्यासमोरच खाट टाकायचा. लाईट गेली की मी पुठ्ठ्याने वारा घालत बसायची. गुणी पोर आहे. पाणी मात्र त्याने स्वतः भरावे.

६. गिरिधरला काही नाही. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही असे वकीलबाई म्हणाल्या, म्हणून त्यालाच साक्षीदार केले.

७. हे कलम आज, सही करण्यापूर्वी जोडले. साक्षीदाराने सगळे वाचायची गरज नसते, पण गिरिधरला सांगणार कोण? ओळीखाली पट्टी धरून वाचत गेला. कलम पाचवर थांबला, मागे गेला, परत आला.

"ताई, दोनमध्ये कूलर भंगारात गेला, अन् पाचमध्ये सुशीलले हवा देऊन राहिला!"

शेजारच्या सिंधूताई तोंडाला पदर लावून हसल्या. मी काटायला पेन उचलले, तर त्याने माझा हात धरला.

"राहू दे."

"काहून गा?"

त्याने पट्टी पुन्हा कलम पाचखाली सरळ लावली. मग म्हणाला, "त्या लेखकालेही ते गलबत असंच आवडत असन."

त्याने मोबाइल काढला, नाकाशी धरला आणि पान ८८ मंजूर केले. मी रडले. त्याही वेळी डोके ठिकाणावर होते, अशी नोंद करते.

कलम पाच जसे लिहिले तसेच वाचावे.

स्थळ: नागपूर
दिनांक: १४ मे २०२५

सही: पुष्पलता मनोहरराव भोंगाडे

साक्षीदार:
१. सिंधूताई निनावे, शेजारीण
२. गिरिधर ठवकर, खापा. मुळाशी ताडून पाहिले. कूलरसह मंजूर.