शून्य एररचा प्रोग्राम

सोमवार, ३ मार्च
साहेबांनी मीटिंगमध्ये प्रोग्रामिंगच्या एका नव्या फंक्शनल भाषेचं नाव काढलं. शुक्रवारी जो तिच्यात चालता प्रोग्राम दाखवेल, तो नव्या टीमचा प्रमुख. मी हात वर केला. खिडकीजवळ बसणाऱ्या नवखीनेही केला. माझा अनुभव बावीस वर्षांचा, तिचा आठ महिन्यांचा. कीव आली. प्रोग्राम काय, तर नाव विचारायचं आणि नमस्कार म्हणायचं. हातचा मळ.

मंगळवार
बारा ओळी, एकोणीस एरर. प्रोग्राम तपासणाऱ्या कंपायलरमध्येच काहीतरी गडबड आहे.

संध्याकाळी ७
या भाषेत चलाला एकदा दिलेली किंमत नंतर बदलता येत नाही, सहा म्हटले की सहाच. बायकोला हे समजावून सांगितलं. ती म्हणाली, मग तुला ही भाषा कशी जमणार, सकाळी फिरायला सहाला निघणार होतास, त्याचे सात केलेस, मग आठ, मग उद्या. विषय तांत्रिक होता, तिला कळला नाही.

बुधवार
एकतीस एरर. नवखीने विचारलं, मदत करू का. लहान तोंडी मोठा घास. नको म्हटलं.
उद्या पहाटे पाचला उठून अभ्यास. नक्की.

गुरुवार, सकाळी ८.२०
उठलो. झोप अपुरी राहिली की डोकं चालत नाही.

दुपारी ३
तोडगा सापडला. ज्या ओळीवर एरर, ती ओळ काढून टाकायची. नाव विचारणारी ओळ काढली, चौदा एरर गेले. ऑफिसात सगळे एकमेकांना ओळखतात, नाव विचारायचंच कशाला?

५.५०
नमस्कारही काढला. शून्य एरर. कंपाइल झाला. डोळे भरून आले. घरी फोन करून सांगितलं, प्रमुखपद आपलंच.

शुक्रवार, ११.३०
सर्वांसमोर एंटर दाबलं. काळी स्क्रीन. साहेबांनी विचारलं, पुढे? मी म्हटलं, संपला, आणि एकही चूक नाही. ते म्हणाले, काही न करणाऱ्याच्या हातून चूक होत नाही हे तुमच्याकडे बघून माहीत होतं, प्रोग्रामलाही तेच शिकवाल असं वाटलं नव्हतं.
नवखीच्या प्रोग्रामने साहेबांना नाव विचारलं आणि नावानिशी नमस्कार केला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. फार वाईट वाटलं.

संध्याकाळी ७
घरी सांगितलं, नव्या टीममध्ये माझी निवड झाली. बायकोने विचारलं, मग प्रमुख कोण?
म्हटलं, आमच्या मॅडम.