काट्याबाहेरचा सूर

४ जुलै
तीन आठवडे वही उघडली नाही. निव्वळ आळस! मधे मार्गिलानला एका लग्नात गायले, तिथून फळवाल्यांच्या ट्रकमधून खुबान्या खायला डोंगरात — असो. कोकंदला पोचले. गायनशाळेत मुलींची एकच जागा उरलीय. ती गेली तर गावी परत, आणि बाप म्हणेल त्याच्याशी लग्न.

६ जुलै
पहिली फेरी. आमच्या रिवाजाप्रमाणे, आवाज लांब जावा म्हणून चिनी मातीची बशी तोंडाशी धरून गायले. टेबलावर सूर मोजायची पेटी. माझ्या वेळी तिचा काटा म्हणजे माशा बसलेल्या घोड्याची शेपटी!

उस्ताद तुर्सुनबॉय म्हणाले, "पोरी, बशी छान आहे. तिच्यात पुलाव वाढ."

मग आदोलत, माझी खोलीतली सोबतीण. काटा जागचा हलला नाही. तिलाही उस्ताद — "बिनचूक! आता कुणीतरी जिवंत माणूस पाठवा." जिन्यात रडत बसली. मी म्हटलं, "बाई गं, रडतेस पण सुरात!" नाक पुसून तिने मला अर्धी रोटी दिली. खाल्ली.

७ जुलै
उद्या आवडीचं गाणं. पन्नास गुण सुराचे, पन्नास भावाचे. सुराचे गेलेच. भाव कुठून आणू?

८ जुलै
मर्तिकात बायका गातात ते गायले. बापाच्या नावाने! जिवंत माणसाचं असं आमच्यात कुणी गात नाही — मरण दारात येतं म्हणे. आवाज मधेच फाटला. काटा सैरावैरा. उस्तादांनी पेटीच पालथी घातली.

डोळे पुसत म्हणाले, "कधी गेले?"

"वसंतात." म्हातारा ठणठणीत आहे. वसंतात त्याने मला पट्ट्याने फोडलं होतं.

"गाव कुठलं, लेकी?" सांगून टाकलं.

जागा माझी! आदोलत सामान बांधता बांधता गळ्यात पडली — "तुझे बाबा गं..." मला हसू आवरेना. तिच्याच खांद्यात तोंड खुपसलं.

११ जुलै
आज तालीम नाही. पहारेकरी म्हणाला, "उस्ताद रोट्या बांधून कुठल्याशा गावी गेलेत. कुणाच्या तरी घरी मयताचा फातिहा पढायला." जाईनात का!

१२ जुलै
पहारेकरी आत्ताच वर आला. "खाली चल. उस्ताद आलेत. बरोबर एक म्हातारा आहे, काखेत खरबूज. म्हणतो, माझं मर्तिक गाणारी कुठाय? मलाही ऐकायचंय. बशी घेऊन ये."