डोक्यातला जीन आणि परतवाड्याचं स्थळ

अमरावती,
१२ डिसेंबर १९६३

तीर्थरूप हरिहरमामांस गोपाळकृष्णाचा साष्टांग नमस्कार.

अकोल्याची थंडी तुमच्या गुडघ्यांना मानवत असेल अशी आशा आहे. मामी पथ्य सांभाळत असतीलच. (तुम्ही सांभाळत नसाल, हे मी धरूनच चालतो.)

आता परतवाड्याच्या स्थळाचं. तुम्ही खुशालरावांना कळवलंत की मुलगा कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो, अचलपूरला त्याचं व्याख्यान आहे, मुलीला घेऊन या आणि तिथेच पाहून घ्या. बेत चांगला होता. माझा विषय होता ‘मेंदूतील जीन’. (जीन म्हणजे आईबापांकडून मुलांत उतरणारा साचा, हे तुम्हाला सांगायला नको.) पण बाहेरच्या फळ्यावर नुसते तेवढे दोनच शब्द लिहिलेले, त्यामुळे डोक्यात शिरलेला जिन्न, म्हणजे भूत, उतरवतात तरी कसा, हे पाहायला अर्धं गाव लोटलं. अध्यक्ष गयासुद्दीनसाहेबांनी तर मला बाजूला घेऊन अदबीने विचारलं, की अत्तर लावून आलोय, त्याला चालेल ना?

मी आपला बोलत राहिलो. मेंदूच्या पेशीला पातळ पडदा असतो, त्यात खुंट्यांसारखी प्रथिनं रोवलेली असावीत (असं माझं मत, कोणीच पाहिलेली नाहीत), आणि खुंटी कशी घडवायची ते जीन ठरवतो. लोक जांभया देऊ लागले, म्हणून घरच्या विसरभोळेपणाचा दाखला दिला. आजोबा चांदूर बाजारला भलत्याच लग्नात जेवून, अहेर करून आले. बाबांनी तासभर दुसऱ्याच वर्गाला भूगोल शिकवला. मी स्वतः जेवायला बसून बेडकांचा डबा उघडला. सभा खूश झाली. खुशालराव मात्र उठून उभे राहिले.

“म्हंजे तुमच्या घरात आजोबापासून डोक्यात जिन हाये?”

“आहे ना,” मी अभिमानाने म्हणालो. “पिढीजात.”

“मंग मी माही पोरगी तिथं काहून देऊ?”

मामा, हे स्थळ मला आता हातचं जाऊ द्यायचं नव्हतं. कारण बायकांच्या रांगेत बसलेली त्यांची सरोजिनी मी तोवर पाहिली होती, आणि व्याख्यानाचा उत्तरार्ध तिच्याकडे बघतच दिला होता. तीच उठली. (ती नागपूरला बी.एस्सी. झालीय, हे तुम्ही मला सांगितलं नव्हतंत.)

“बाबा, जिन नाही, जीन. तो सगळ्यायच्यात रायते. तुमच्यातबी हाये.”

खुशालरावांनी नकळत आपला फेटा चाचपला. “आन् नातवंडं यायच्यासारकी इसराळू निंगाली त?”

“अर्धा साचा माहा असन ना,” ती म्हणाली. “मी काई इसरत नाही.”

मग तिच्या लक्षात आलं की आपण भर सभेत काय बोललो, आणि ती खाली बसली. खुशालराव माझ्याकडे वळले. म्हणाले, “चाला घरी, चहा घ्या.” चहाबरोबर पोहे होते, त्यावरून काय ते समजा.

मामींना नमस्कार. कानाला मफलर बांधत जा.

तुमचा भाचा,
गोपाळकृष्ण

ता. क. : सरोजिनीची एक अट आहे. लग्नानंतर ती नागपूरला राहून एम.एस्सी. करणार. मी हो म्हणून बसलोय. आमच्या बाबांना अजून ठाऊक नाही. तुम्ही वकील आहात, तेव्हा हे तुम्हीच त्यांना सांगावं. मी त्या दिवशी गावात नसेन.

ता. ता. क. : निघताना ती हळूच म्हणाली, तुमच्या व्याख्यानात एक ढोबळ चूक होती. कोणती, ते लग्नानंतर सांगीन. मला जेवण जात नाही. मुहूर्त जरा अलीकडचा काढा.