बाबांचं विमान आणि कावळ्याला दिलेला शब्द

आरोंदा,
१८ नोव्हेंबर १९८६

तीर्थस्वरूप लवूदादास,

गुरुदासाचा साष्टांग नमस्कार. साष्टांग म्हणतो, पण सध्या सातच अंगांनी, कारण उजवा गुडघा शिरोड्याच्या बसच्या पायरीवर आपटला आहे आणि तो जमिनीला टेकत नाही. (मी त्या बसमध्ये कशाला चढत होतो, ते पुढे येईलच.) वहिनींची कंबर आता कशी आहे? कोकमं आणि कुळथाचं पीठ वेगळ्या पिशवीतून पाठवलं आहे, मिळाल्याचं कळव. इकडे आई बरी आहे. जेवते, पण जेवताना बाबांच्या पाटाची जागा मोकळी सोडून बसते.

मुंबईतल्या आपल्या गावकरी मंडळाच्या स्मरणिकेत बाबांच्या विमानासाठी दोन पानं राखून ठेवली आहेत आणि "शोधकार्य कुठवर आलं" ते तपशीलवार कळव, असं तू लिहिलंस. वाचून मी बराच वेळ पत्राची घडी घालत बसलो. दादा, शोधकार्य मी आपण होऊन हाती घेतलेलं नाही, हे तुला आठवत असेल. दहाव्याला पिंड ठेवला आणि कावळा काही शिवेना. माडाच्या झावळीवर बसून तो आपल्याकडे बघत होता, आणि आपले सगळे नातेवाईक त्याला काय काय कबूल करत होते. आईला अंतर देणार नाही म्हणून झालं, धाकट्या जानकीचं लग्न थाटात करू म्हणून झालं, अक्काने तर आपणहून सासूशी भांडण मिटवायचं कबूल केलं (अजून मिटवलेलं नाही). भटजींनी कंटाळून दर्भाचा कावळा वळायला घेतला, तेव्हा पुतण्या म्हणून तू पुढे झालास आणि मोठ्याने म्हणालास, "काका, तुमच्या विमानाचो शोध लावतलंव! खरां काय तां सगळ्या गावाक दाखवतलंव!" आणि कावळा सरळ खाली उतरला. लोकांनी हात जोडले. तू सांताक्रुझच्या विमानतळावर कॅन्टीनला असल्यामुळे विमानाची गोष्ट तुझ्या अखत्यारीतली, असं सगळ्यांनी धरलं. तेराव्याला गोडाचं जेवून तू मुंबईला गेलास. शब्द इथेच राहिला, आणि तो कोणाच्या गळ्यात आहे हे गावात शेंबड्या पोरालासुद्धा माहीत आहे.

बाबांची गोष्ट तू शंभरदा ऐकली आहेस. लढाईच्या दिवसांत, ते विशीत असताना, खाडीच्या तोंडाशी विमान पडलं आणि बुडालं, बाबांनी पोहत जाऊन गोऱ्या वैमानिकाला ओढून काढलं, आणि गलबतावर चढवून दिलं. शेवटी ते नेहमी म्हणायचे, "शेपटेक धूर, आणि आवाज कसो? तापलेलो तवो पाण्यात बुडवलो तसो." गावाने त्यांना चाळीस वर्षं त्यावरून छळलं. विमान सापडलं का, विमानातून उतरा आता, हे तर रोजचंच. स्मशानातसुद्धा शेजारच्या सत्यवतीचा नवरा माझ्या मागे पुटपुटला, "चला, आज मात्र खरोखरीचां इलां विमान." मी वळून पाहिलं नाही. पण तेव्हापासून मला एकच हवं होतं, आणि ते स्मरणिकेसाठी नव्हे. बाबा आयुष्यभर खोटं बोलले की खरं, एवढंच.

आता मी कसा माणूस आहे ते तुला ठाऊक आहे. बसमध्ये कोणी पायावर पाय ठेवला तर तो उतरेपर्यंत मी वाट बघतो. त्या मला अनोळखी माणसांच्या ओट्यावर जाऊन "तुम्ही विमान पाहिलंत का" असं विचारावं लागलं. आधी शिरोड्याला गेलो. तिथे विमान जपानी होतं. वेंगुर्ल्यात त्याच्यात गोव्याच्या कुणा साहेबाचं सोनं होतं, आणि ते अजून तळाशी चमकतं म्हणून अमावस्येला त्या बाजूला मासळी जात नाही. (मासळी अमावस्येला तिकडे का जात नाही हे मी एका खारव्याला विचारलं. तो म्हणाला, जाते की.) इन्सुलीच्या बाळाकडे तर विमानातली खुर्ची आहे असं कळलं, म्हणून रजा टाकून इन्सुलीला गेलो. खुर्ची होती. पडवीत ठेवलेली, तिच्यावर त्याची आजी बसलेली. मी आदराने खुर्चीच्या मागे वाकून पाहिलं, तर पाठीवर पुसट अक्षरांत "तिकीट मागून घ्या" असं लिहिलेलं. मी बाळाला ते दाखवलं नाही. परत येताना गोव्याची दारू पकडायच्या नाक्यावर शिपायाने माझी पिशवी उघडायला लावली. पिशवीत काय होतं, तर आपल्या घरातलं ते अल्युमिनियमचं झाकण, बाबा ज्याला विमानाचा तुकडा म्हणायचे आणि आई ज्याने भात झाकते. शिपायाने विचारलं, हे काय? मी खरं ते सांगितलं. "विमानाचा भाग." मग त्याने मला बाजूला उभं केलं, पिशवी झटकली, झाकणाचा वास घेतला, माझ्या तोंडाचाही घेतला, आणि अखेर दया येऊन म्हणाला, "जावा घराक, उन्हाचे फिरा नको."

दादा, या फिरण्यात मला शोधाची एक रीत सापडली. प्रत्येकाला मी शेवटी एवढंच विचारायचो, पाहिलंत की ऐकलंत? पाहिलेला कोणी निघाला नाही. सगळ्यांनी ऐकलेलं. कोणाकडून, तर कोणी मामाकडून, कोणी शेजाऱ्याकडून, आणि त्या मामाने आणि शेजाऱ्याने कोणाकडून? "तुझ्याच बापाशीन सांगितल्यान रे, आरोंद्याच्या बाजारात!" जपानी विमान, सोनं, सगळं मागे मागे नेलं की बाबांपाशी येऊन थांबत होतं. म्हणजे पुरावा म्हणून सगळं बाद. पण एक गोष्ट मी आधी धरली नव्हती. शिरोड्याला एक म्हातारी, बाबांना आयुष्यात न भेटलेली, मला सांगता सांगता म्हणाली, "आवाज कसो? तापलेलो तवो पाण्यात बुडवलो तसो." त्या "कसो"नंतर ती थांबली, अगदी बाबा थांबायचे तेवढीच. मी पाणी प्यायचं निमित्त करून विहिरीकडे गेलो. पुढच्या घरी माहिती मिळणार नाही हे ठाऊक असूनही मी गेलो, दादा. मला ते वाक्य पुन्हा ऐकायचं होतं. पंचायत समितीत माझ्या नावावर आता एकही किरकोळ रजा शिल्लक नाही.

मालवणला गेलो तो रहमतुल्लाभाईंकडे. त्यांच्या वडिलांची गलबतं पूर्वी आपल्या आरोंद्याच्या खाडीत लागायची, नंतर ते सगळे मालवणला बंदराजवळ राहायला गेले. वेळ होता म्हणून आधी बाजारात भांड्यांच्या दुकानात शिरलो आणि झाकण दाखवून विचारलं, हा धातू कसला असेल? बाबा त्यावरचा उठवलेला आकडा, १४, विमानाचा नंबर म्हणून दाखवायचे. दुकानदाराने वर पाहिलंही नाही. मागच्या फळीवरून हुबेहूब तसलं झाकण काढून माझ्यासमोर ठेवलं. चौदा नंबर म्हणजे पातेल्याचं माप. आणि वर म्हणाला, "तेराही आसा, पंधराही आसा. तुमका कितव्या नंबराचां होया?" मी दोन्ही झाकणं बघत उभा राहिलो. बाबांच्या बाजूने असलेला एकमेव पुरावा संपला होता. खरं सांगतो, मी तिथूनच बस धरणार होतो. पण बसला अवकाश होता.

रहमतुल्लाभाई थकले आहेत, पण नजर शाबूत आहे. सून शमीमने चहा आणला. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी पहिलं विचारलं, "बापूस गेलो?" मी म्हटलं, गेले, माघात. त्यांनी चहाचा कप बाजूला सारला आणि म्हणाले, "मगे आता सांगूक हरकत नाय. तो जितो आसापर्यंत बोलूचा नाय, असो शब्द होतो माझो." आणि सांगितलं ते असं, की विमान पडलंच नाही. बुडलं तर मुळीच नाही. आपल्या गावामागच्या सड्यावर, पलीकडच्या अंगाच्या सपाट कातळावर, ते संध्याकाळी आपल्या चाकांवर उतरलं. शिकाऊ विमान, दोन मजली पंखांचं, आणि पंख कापडाचे, रोगण लावलेले. वैमानिक पोरगा होता, धुरकटात वाट चुकलेला, तहानेने व्याकूळ. सड्यावर बाबा गुरं घेऊन होते. भाषा कोणाची कोणाला येईना, म्हणून बाबा त्याला हाताला धरून झऱ्यावर पाणी पाजायला घेऊन गेले. परत येऊन बघतात, तर बाबांची म्हैस खालच्या पंखाखाली उभी राहून पंख खात होती. त्या रोगणाची गुरांना चटक लागते म्हणे. हातभर कापड पोटात गेलं होतं आणि ती पुढचं चाटत होती.

मी हसलो नाही. रहमतुल्लाभाईही हसले नाहीत. बाबा खाडीवर धावत गेले आणि रहमतुल्लाभाईंच्या वडिलांना बोलावून आणलं, कारण इतकं घट्ट कापड शिडाशिवाय कुठे मिळणार? शिडाचा तुकडा कापून, शिडाच्या सुईने पंख शिवला, वर वैमानिकाने डब्यातलं काहीतरी फासलं, आणि उजाडल्यावर विमान गावावरून अगदी कमी उंचीने गेलं ते समुद्राकडे. डोंगराआड आवाज बंद झाला तेव्हा गावाला वाटलं, पडलं. मी माझा प्रश्न विचारला. पाहिलंत की ऐकलंत? म्हाताऱ्याने दोन्ही तळहात माझ्यापुढे धरले. "देखलंय. बाबा शिवी, तेव्हा कापड ताणून मीच धरललंय. आमच्या शिडाचो तुकडो आभाळात गेलो रे गुरुदासा, आणि माका चाळीस वर्सां कोणाक सांगूक गावला नाय!" (त्यांच्या तोंडी बाबा म्हणजे त्यांचे वडील.) मग मी विचारलं, म्हैस कशी होती? ते म्हणाले, डावं शिंग खाली वाकलेली. पण शब्द कशासाठी घेतला होता, ते त्यांना माहीत नव्हतं. आपले बाबा नुसते रहमतुल्लाभाईंच्या वडिलांच्या पाया पडले होते म्हणे, म्हशीचं नाव काढू नका म्हणून.

बसमध्ये मी विचार करत आलो. वाचवलेल्या वैमानिकाची शेखी मिरवायला बाबांनी गोष्ट रचली, असंच कोणीही म्हणेल. मीही तसंच म्हणत होतो, इन्सुलीच्या खुर्चीसारखं सरळ दिसत होतं ते. घरी आलो, आई तांदूळ निवडत होती. मी विमानाचं काही काढलं नाही. फक्त विचारलं, आपल्याकडे डावं शिंग वाकलेली म्हैस होती का कधी? तिचे हात सुपात तसेच राहिले. मग म्हणाली, "रहमतुल्ला जितो आसा तर." आणि पुन्हा निवडायला लागली. सूप निवडून झाल्यावर म्हणाली, "म्हस माझ्या माहेरची. लग्नात माझ्याबरोबर धाडलेली. माका येवन वर्स झालेलां नाय. दोन दिस दुधाक रोगणाचो वास येय, सासू विचारी, काय खाल्ल्यान गो तुझ्या म्हशीन? लढायेचे दिवस. सरकारचां विमान खाल्लां म्हणान पोलीस इले असते, आणि नाय इले तरी माका जन्मभर हीच गजाल ऐकाक लागली असती. तेंनी सांगितल्यानी, विमान बुडालां. बुडाल्यावर कोण म्हशीक विचारता?" मी म्हटलं, आणि लोक त्यांना हसायचे ते? आई म्हणाली, "माका कोण हसाक नाय, तां बघ."

इतकंच. दादा, मी फार शिकलेला नाही, पण इतक्या दिवसांत एवढं कळलं की गोष्ट खोटी आहे म्हटल्यावर शोध संपत नाही. कोणासाठी खोटी सांगितली, ते राहतंच.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. गुडघा बरा झाला की आठव्या अंगाचा नमस्कार पाठवीन.

तुझा,
गुरुदास

ता. क. अक्का म्हणते, दहाव्याला तू बोललास त्याच वेळी पिंडाजवळच्या कुंपणाखाली टपून बसलेलं मांजर उठून गेलं होतं. तिने पाहिलं आहे, ऐकलेलं नाही. तेव्हा बाबांना विमानाचा शोध हवा होताच, असं खात्रीने म्हणता येत नाही.

ता. क. २. पत्र लिहायचं खरं कारण हे. हे सगळं वाचून झालं की कागद चुलीत घाल, आणि स्मरणिकेच्या दोन पानांत विमान बुडव. खाडीच्या तोंडाशी, बाबा सांगायचे तसंच. तव्याचं वाक्य मात्र शब्दाला शब्द घाल. हवं तर सोनंही घाल. म्हैस कुठे येता कामा नये. आई छापलेलं वाचून घेते माझ्याकडून.

ता. क. ३. झाकण पुन्हा भातावर गेलं आहे. वर्षश्राद्धाला नक्की ये, पण कावळ्याला काही कबूल करू नकोस. मांजर मी आधीच बांधून ठेवीन.