आखाजीची शिवी

धुळे,
चैत्र वद्य एकादशी, शके १८५८

प्रिय भिकू,

पत्र लिहायला बसले आणि पहिल्या ओळीलाच अडले. तुझ्याशी हळू आवाजात कसं बोलायचं, हेच मला ठाऊक नाही. आजवर आपण एकमेकींशी जे काही बोललो ते गिरणेच्या या काठावरून त्या काठावर, बेंबीच्या देठापासून ओरडून. शेजारी बसून दोन शब्द बोललो असू असं आठवत नाही. एकदा भडगावच्या बाजारात तू तुझ्या आईबरोबर समोरून आलीस, मी माझ्या आईबरोबर होते, आणि आपण दोघी अशा लाजलो की जणू कुणी दाखवायलाच आणलं होतं. मग तू माझ्या हातात गोडीशेवेचा पुडा कोंबलास आणि पळालीस. तू चौथीपर्यंत शिकलीस हेही मला कुणी सांगावं लागलं नाही. महादेवाच्या देवळाच्या भिंतीवर कोळशानं माझं नाव घालून जे काही लिहिलं होतंस, ते आमच्या अख्ख्या गावानं वाचलं होतं! तेव्हा हे पत्र तुझं तूच वाचशील. दुसऱ्या कुणाकडून वाचून घेऊ नकोस.

परवा तुझे सुकदेवभाऊ भेटले. बैल बघायला धुळ्याच्या बाजारात आले होते. मी शाळेतून परतत होते, तर मागून हाक आली, "तुम्ही पलीकडन्या वच्छाबाई ना?" कित्येक वर्षांत मला कुणी 'पलीकडची' म्हटलं नव्हतं. इथे मी नुसती 'बाई' असते. तिथेच रस्त्याच्या कडेला उभे राहून त्यांनी तुझी हकीगत सांगितली. तुझा लहानगा पौषातल्या थंडीतापात गेला. सासरच्यांनी तुला माहेरी आणून सोडलं. आणि तेव्हापासून, "भिकू बोलत नही, बाई. संक्रांतपासून एक सबद नही." एवढा दांडगा माणूस, पण बोलताना सारखा पागोट्याचा शेव डोळ्यांना लावत होता. तू का बोलत नाहीस तेही त्यांनी सांगितलं. त्याकडे मी येणारच आहे, पण आधी मला माझं थोडं सांगू दे. नाहीतर तू म्हणशील, आली मोठी मास्तरीण शिकवायला.

माझं पारोळ्याचं घर सुटलं हे तुला माहीत आहेच. लग्नाला चार वर्षं झाली, मूल झालं नाही, दुसरी बाई आली आणि मला आमच्या नानांच्या गाडीत बसवून दिलं. नाना रडले नाहीत. त्यांनी मला पुढच्या इयत्तांची पुस्तकं आणून दिली, धुळ्याला ट्रेनिंगला पाठवलं, मी शाळेत लागले ते बघितलं आणि मग गेले. आता मी हसीनाबींच्या घरातल्या मागच्या खोलीत राहते. त्यांचे मालक पेठेत बांगड्या विकतात. खोलीला एक खिडकी आहे, चूल आहे आणि कुलूप आहे. कुणी येत नाही, जात नाही. रविवारी तर कधी कधी तिन्हीसांजेला लक्षात येतं की आज आपण तोंडच उघडलं नाही.

पण घर गप्प नसतं, भिकू. एक बाई माझ्याबरोबर पारोळ्याहून आली आहे. तिला मी 'आतली' म्हणते. आपल्याकडे नाही का वरची, खालची, वाड्यातली म्हणतात, तशी ही आतली. सासूबाई एखादी गोष्ट एकदा म्हणायच्या, ती ही दहादा म्हणते. भाकरी फुगली नाही की म्हणते, बघ. फुगली तर म्हणते, खाणार कोण? वर्गात शिरले की माझ्या आधी फळ्याजवळ जाऊन उभी राहते. मी वाक्य सुरू केलं की ती म्हणते, चुकणार. आणि मग मी चुकते, किंवा चुकू नये म्हणून इतकं हळू बोलते की शेवटच्या बाकावरच्या पोरी ओरडतात, "बाई, ऐकू येत नाही!"

माघात दिपोटी इन्स्पेक्टर आले होते शाळा तपासायला. मी तिसरीला खानदेशचा नकाशा शिकवत होते. गिरणा तापीला कुठे मिळते, एवढंच सांगायचं होतं. मी! गिरणेच्या वाळूत वाढलेली मी! छडी नकाशावर ठेवली आणि आतली म्हणाली, जिला घरात कुणी ठेवलं नाही, ती नदीचा रस्ता सांगते. माझ्या तोंडातून हवासुद्धा निघाली नाही. दिपोटी भले गृहस्थ, त्यांनी पाणी मागवलं. पण शेरा लिहिला, बाईंचा आवाज वर्गास पुरत नाही. मोठ्या बाई म्हणाल्या, वच्छलाबाई, जूनपर्यंत सुधारा, नाहीतर तुम्हाला शिवणाच्या वर्गावर घालावं लागेल. शिवणाच्या वर्गाला आवाज लागत नाही.

त्या दिवशी घरी येऊन मी खूप हसले आणि मग रडले. म्हटलं, यांना काय ठाऊक, माझा आवाज एके काळी कुठवर पोचत होता!

तुला आठवतंय ना ग? आखाजीच्या (इथे शाळेत तिला अक्षय्य तृतीया म्हणतात) दिवशी दुपारी पुरणाचे मांडे खाऊन, झोके घेऊन झाले की आमच्या गावच्या साऱ्या पोरीबाळी आणि माहेरवाशिणी या काठाला, तुमच्या त्या काठाला, आणि मधे वाळू आणि गुडघाभर पाणी. मग सुरू! इतर दिवशी चढा आवाज काढला तर पाठीत धपाटा बसायचा. त्या एका दिवशी मात्र म्हाताऱ्याकोताऱ्यासुद्धा मागून नवीन नवीन शिव्या पुरवायच्या. तुझ्यासारखी शिवी कुणाला येत नव्हती. "तुनी भाकर कावळा बी खात नही व!" तू म्हणालीस, माझी वेणी बकरी खाईल. तू म्हणालीस, मला मिशा फुटतील, मला टकला नवरा मिळेल, मी गिरणेत पडेन आणि मासेसुद्धा नाक मुरडतील. मी म्हणायचे, "तुना घरमाच येसु व, तुनी वहिनी व्हईसन!" आणि सुकदेवभाऊ बिचारे काठावरून पळ काढायचे. परवा रस्त्यात त्यांच्याशी बोलताना ते आठवून माझेच कान तापले. उन्हं उतरली की कुणी जिंकायचं नाही, कुणी हरायचं नाही. घसे बसलेले असायचे. तुमच्या बाजूनं एक खरबूज पाण्यात सोडलं जायचं, आमच्या बाजूनं एक. ते कापून खात आम्ही घरी जायचो. आणि आई म्हणायची, "आखाजीनी शिवी लागत नही."

आता सुकदेवभाऊंचं दुसरं सांगणं. लहानग्याला नेलं त्या दिवशी तू एकच वाक्य बोललीस म्हणे, "मनी जीभ काळी शे." ते वाक्य बोललीस आणि ओठ मिटलेस. तुझ्या मते तुझ्या जिभेनं दोघांचं वाटोळं केलं. पहिली मी. कारण आपल्या शेवटच्या आखाजीला, माझं लग्न ठरलेलं असताना, तू ओरडली होतीस, "तुले कोन घरमा ठेवी व?" आणि मला कुणी ठेवलं नाही. दुसरा तुझा लेक. तो रात्रंदिवस रडत होता, तुझ्या अंगात त्राण नव्हतं, आणि तू त्याला म्हणालीस, "मरी जाय तिकडे."

भिकू, हे ऐकून मला तुझा इतका राग आला की भर रस्त्यात मी पाय आपटला.

माझ्यापुरतं आधी ऐक. तुझी जीभ काळी असती तर मला आज मिशा असत्या. माझी वेणी अजून कंबरेच्या खाली येते. नवरा टकला नव्हता, डोक्यावर भरपूर केस होते, त्या केसांखालीच काही नव्हतं. गिरणेत मी कधी पडले नाही. तू माझ्यावर इतक्या शिव्या सोडल्यास, त्यातली एक खरी झाली असं तुला वाटतं, ते मला पारोळ्याला देणाऱ्या माणसांचं आणि तिथल्या माणसांचं काम. त्यात तुझा काय वाटा? मला घराबाहेर काढायला त्यांना तुझ्या मदतीची गरज नव्हती!

आता तुझ्या लेकाबद्दल. मी आई झाले नाही, तेव्हा मला बोलायचा काय अधिकार, असं आतली आत्ता या क्षणीसुद्धा म्हणते आहे. म्हणू दे. आपल्याकडची कुठली आई रडत्या पोराला 'मरी जाय' म्हणत नाही? माझी आई मला उठता बसता म्हणायची, आणि मी ही जिवंत बसून तुला पत्र लिहिते आहे. त्या थंडीत तुमच्या आणि आमच्या गावात किती पाळणे रिकामे झाले ते माझ्या धाकट्या भावानं, निंबाभाऊनं मला कळवलं होतं. त्या साऱ्या आयांच्या जिभा काळ्या होत्या का? तुझ्या लेकाला ताप आला, भिकू. तापानं तो गेला. तू थकली होतीस. तू त्याची आई होतीस आणि थकली होतीस, एवढंच.

हे जे तुला सांगते आहे ते मला परवापर्यंत स्वतःलाही सांगता येत नव्हतं. सुकदेवभाऊ गेले, मी खोलीवर आले, पीठ मळायला घेतलं. मनात आलं, भिकूला पत्र लिहू. लगेच आतली म्हणाली, तू? तू कुणाला धीर देणार? आणि मग ती म्हणाली, तुला घरात कोण ठेवणार? पहिल्यांदाच माझ्या लक्षात आलं की ही तर तुझी शिवी चोरून वापरते आहे! शब्द तुझे, पण तू ते हसत हसत, कमरेवर हात ठेवून, उन्हात उभी राहून म्हणायचीस आणि माझ्या उत्तराची वाट बघायचीस. हिनं कधी उत्तराची वाट बघितली नाही, आणि मीही हिला कधी उत्तर दिलं नाही. मी पिठाचे हात तसेच घेऊन उठले, अंगणात आले आणि काठावर ओरडावं तशी ओरडले, "कोन व तू? तुले कोन इचारस? तुनी जीभ झडो, नीघ मना घरमातून!" आणखी बरंच काही म्हणाले. ते सारं तुझ्याकडूनच शिकले होते.

हसीनाबी धावत आल्या. "किससे लड रही तू? कौन घुस्या घर में?" त्यांनी खोलीत येऊन बाजेखाली वाकून बघितलं. मी म्हटलं, जुन्या ओळखीची एक बाई होती, गेली. त्या म्हणाल्या, "फिर दार लगा ले. वापस आयेगी." त्या खोटं बोलल्या नाहीत. सकाळी आतली परत आली. पण जरा दबकून आली, आणि मी तिसरीच्या वर्गात गिरणा तापीला कुठे मिळते ते एका दमात सांगितलं. मागच्या बाकावरून कुणी ओरडलं नाही. जूनमध्ये काय होतं ते बघू.

आता हे पत्र कशासाठी ते लिहिते. निंबाभाऊ दरवर्षी मुराळी म्हणून मला न्यायला यायचं म्हणतो आणि मी दरवर्षी शाळेची सबब सांगते. टाकलेल्या बाईनं माहेरवाशिणींच्या रांगेत उभं राहायचं कसं, ही खरी अडचण. या वर्षी मी त्याला कळवलं आहे की कजगावच्या स्टेशनावर गाडी घेऊन ये. आखाजीला ऊन कललं की मी आमच्या काठाला येईन. रांगेत जागा मिळाली तर रांगेत, नाहीतर बाजूला, खडकावर. मला तुझी आठवण येते, भिकू. मला बाहेरून शिव्या देणारं कुणी उरलं नाही ग, सगळ्या आतूनच येतात. सुरुवात मी करीन. तुझ्यासाठी एक अशी शिवी काढून ठेवली आहे की ती इथे लिहिली तर टपालवाला पत्र फाडून टाकेल. तू नुसती समोर येऊन उभी राहा. आवाज फुटला नाही तर मी थांबेन, मला घाई नाही. आणि फुटला, तर दुसरं काही म्हणू नकोस, तीच म्हण. ज्या शिवीची तुला भीती वाटते तीच, दोन्ही गावांच्या देखत, मोठ्यांदा मला विचार, "तुले कोन घरमा ठेवी व?" तेव्हा उत्तर सुचलं नव्हतं. आता माझ्याकडे एक खोली आहे, चूल आहे, कुलूप आहे, आणि दुसऱ्या बाजेपुरती जागा आहे. मी तुला पाण्यापलीकडून ओरडून सांगणार आहे, "मना घरमा मीच राहस व! तू बी ये ना!"

तुझीच,
पलीकडची
वच्छला