टाकीतला ण

२ डिसेंबर १९९६, सोमवार
पोहोचलो एकदाचा. माजलगावपासून पुढे उसाच्या ट्रॅक्टरांमागे रखडत आलो. अंगावर एवढी धूळ बसली होती की फाटकावरच्या माणसाने मला साहेब म्हणायला जरा वेळच घेतला. पण मन प्रसन्न आहे. मॅनेजर सुंदररावांनी चहा पाजला आणि हौसेने कारखाना दाखवला. औषधांना लागणारा कच्चा माल इथे बनतो. आजवर तो बेंझिनमध्ये बनत आला, आणि बेंझिन माणसाचं रक्त नासवतं. आता बाजार खुला झालाय, परदेशी गिऱ्हाईक दारात आलंय, आणि त्याला बेंझिनचा माल नको आहे. म्हणून मी.

माझं द्रावक उसाच्या मळीपासून बनतं. तीव्र आम्लाऐवजी त्याचंच काम करणारे मोहरीएवढे मणी जाळीच्या टोपलीत भरून टाकीत टांगायचे. काम झालं की टोपली काढा, धुवा, पुन्हा टांगा. नदीत सोडायला काही उरत नाही. तीन बॅच लागोपाठ नीट उतरल्या की माझी सुटका, आणि संक्रांतीला मी पुण्याला घरी. ही वही खिशातच ठेवणार आहे, बॅचच्या नोंदीही हिच्यातच.

खोली विमलबाईंकडे मिळाली. माझ्या आधीचे केमिस्ट, गद्रे, याच खोलीत राहत. ते कुणाला न सांगता निघून गेले म्हणे. त्यांची सायकल अजून अंगणात उभी आहे.

८ डिसेंबर, रविवार
माजलगावला जाऊन घरी फोन केला. लेक मुक्ता चार वर्षांची झाली तरी तिला ‘ण’ येत नव्हता. आज तिने ‘ण बाणाचा’ अगदी ठणठणीत म्हणून दाखवला. बूथमध्येच डोळे भरून आले.

इथे ण नाहीच. कोन, पानी, आनि. मी बोललो की माणसं अदबीने गप्प होतात. काल जेवणाच्या सुट्टीत गड्यांच्या घोळक्यात डबा घेऊन बसलो, तर एकेक जण हात धुवायला उठून गेला. विमलबाई वाढताना हसल्या. म्हणाल्या, गद्रे साहेब बी असंच ‘पुरे, पुरे’ म्हनायचे, लई शुद्ध. एवढंच काय ते दिवसभराचं संभाषण.

१२ डिसेंबर, गुरुवार
पहिली बॅच लावली. टाकीवर मुंजाजी म्हणून जुना माणूस आहे. द्रावक हुंगून म्हणाला, ह्ये तर लोन्यावानी वास मारतंय, बेंझिननं डोस्कं धरायचं. मला फार बरं वाटलं.

त्याची एक रीत आहे. झाकण लावण्याआधी टाकीच्या कडेवर पाना तीनदा वाजवतो आणि तोंड फिरवून तीनदा हाक मारतो. कोन हाय? आत कुणी असेल तर ‘हाय’ म्हणेल. तिसऱ्या हाकेलाही उत्तर आलं नाही, तर झाकण बसतं. तोंड का फिरवायचं, आत डोकावून का नाही बघायचं, असं विचारलं. बगवत न्हाई, म्हणाला. मी हसलो. तो हसला नाही.

१९ डिसेंबर, गुरुवार
पहिली बॅच उत्तम उतरली. आनंद सांगायला कुणी नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत रिकाम्या टाकीपाशी एकटाच होतो. गंमत म्हणून आत तोंड घालून विचारलं, कोण आहे? नुसता ण ऐकायचा होता. आतून उत्तर आलं, आहे. घुमलेला आवाज असणार, शेवटचा शब्द तेवढा परत आला. पुन्हा विचारलं. पुन्हा, आहे. अर्धा तास हाच खेळ चालला. लिहायला लाज वाटते, पण इथे आल्यापासून पहिल्यांदाच माझ्याशी कुणी माझ्या भाषेत बोललं.

२७ डिसेंबर, शुक्रवार
दुसरी बॅच अडली. मुंजाजीने रीतीप्रमाणे हाक मारली, कोन हाय? आतून ‘आहे’ आलं. मी त्याच्यापासून दहा पावलांवर, ओठ मिटून उभा होतो. विचारलं होतं ‘हाय’, मग घुमून ‘आहे’ कसं परत येईल?

मुंजाजी पाना टाकून खाली उतरला. आवाज तुमचाच हाय साहेब, म्हणाला. बॅटरी घेऊन मी आत पाहिलं. टाकी रिकामी होती.

३० डिसेंबर, सोमवार
तीन दिवस झाकण उघडंच. गडी हात लावत नाहीत, सफाईला आत उतरत नाहीत. आज आवाज आणखी बोलला. मी आहे, उघडा. सुंदरराव माझ्यावर डाफरले. तीन बॅच झाल्याशिवाय हलायचं नाही, संक्रांत असो की पाडवा.

शेवटी मीच तोडगा काढला. फळ्यावर सूचना लावली, खाली सही केली. ‘आपला माणूस आत असेल तर तो हाय म्हणेल. आहे असा आवाज आल्यास तो यंत्राचा समजावा आणि झाकण लावावे.’ मुंजाजीने दोनदा वाचून घेतली. त्याला पटली. इथे आहे म्हणणारा मी एकटा, आणि मी तर बाहेरच उभा असतो.

६ जानेवारी १९९७, सोमवार
दुसरी बॅच उतरली. झाकण लावताना आवाज विनवत होता. मुंजाजीने एकदा फळ्याकडे बघितलं. सूचनेप्रमाणे लावलं.

एकच उरली. रात्री जेवण जात नाही. विमलबाई म्हणतात, गद्रे साहेब बी शेवटी जेवत नव्हते.

९ जानेवारी, गुरुवार
मुंजाजीने आज सांगितलं. मी विचारलंही नव्हतं. गद्रे नाहीसे झाले त्या दिवशी त्याने एकदाच विचारलं होतं, समदं हाय का? ‘आहे’ असं उत्तर आलं. त्याला वाटलं, गद्रे साहेब मागून कुठूनतरी सांगताहेत, सगळी तयारी आहे. त्याने झाकण लावलं, बेंझिन सोडलं. संध्याकाळी साहेब कुठंच नव्हते. सुंदररावांनी टाकी एकट्याने उघडली आणि साहेब पळून गेले म्हणून सांगितलं. तेव्हापासून तो तीनदा हाक मारतो.

मुंजाजी रडत होता. एक बॅच, मग घर. सूचना त्यानंतर फाडून टाकेन.

११ जानेवारी, शनिवार, दुपार
मुंजाजीला सांगितलं, दीडच्या एस.टी.ने फोन करायला माजलगावला जातोय, दोन वाजता झाकण लावा, द्रावक सोडा. तो जेवायला गेला. मग आठवलं, टोपलीची जाळी बघायची राहिली. गडी उतरत नाहीत. पाच मिनिटांचं काम. आणि आत कुणी नाही हे एकदा उतरून बघायचंही होतं.

कुणी नाही. टाकीला आतून मढवलेली निळी काच आणि टोपली. जाळी धड आहे.

चढताना दोराच्या शिडीचा आकडा निसटला. शिडी खाली आली. टाकीचं तोंड हाताच्या वर दोन हात. पाय मुरगळलाय. हरकत नाही, मुंजाजी येईलच. तोवर लिहितो.

पाना वाजला.

कोन हाय?

आहे, म्हणालो. तोंडातून तेच आलं.

दुसरी हाक. मी आहे मुंजाजी, मी, उघडा — अरे, हेच तर तो आवाज —

हाय म्हणायचं. तिसऱ्या हाकेला हाय —

तिसरी. मी तोंड उघडलं. माझ्या आधी, माझ्या शेजारून, माझ्याच आवाजात कुणीतरी आहे म्हणालं.

झाकण.

बोल्ट आवळतोय. माझीच सूचना. माझी सही.

हाय, हाय म्हणून ओरडतोय. पण आता विचारायचं संपलं. चौथी हाक नसते.

बॅटरी पिवळी पडलीय. पायाशी ओल. लोण्याचा वास. मुक्ता —

अगदी जवळून, हळू, कुणी विचारतंय. कोण आहे? ण स्वच्छ. पुण्याचा.

किती दिवसांनी मला कुणी विचारलं. मी म्हटलं —